बारा वर्षं थांबलेलं धान्य

परदेशातलं धान्य माझ्या तोंडात दोनदा गेलं. पहिल्यांदा १९७२ च्या दुष्काळात. तेव्हा मी चौदा वर्षांचा. आई, थोरला दादा आणि मी खडी फोडायला जायचो आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना काठ चिरायचे, तव्यावर टाकताना तुटायची. आई तुकडे जोडून भाजायची आणि म्हणायची, "खा बाबांनो, कोन्यातरी शेतकऱ्यानंच पिकवली असंल."

दुसऱ्यांदा गेलं ते त्यानंतर पन्नास वर्षांनी, आणि तेही बाटलीतून. स्कॉटलंडच्या शेतातला सातू होता तो. त्याची व्हिस्की झाली होती.

माझा पुतण्या तिकडं एडिंबरा शहरात कंप्युटरच्या कामाला आहे. दोन वर्षांनी एकदा येतो. २०२४ च्या जानेवारीत आला तो ऐन हुरड्यात. आल्या दिवशी ओट्यावर बसून त्यानं बॅग उघडली. आईला लोकरीची शाल दिली, आमच्या मंडळीला चॉकलेटचा डबा दिला आणि माझ्या हातात कागदात गुंडाळलेली बाटली ठेवली.

"नाना, ही तुमच्यासाठी."

मी कागद सोडला. आत गव्हाच्या वाळल्या काडाच्या रंगाचं पाणी. वहिनी समोरच बसल्या होत्या. त्यांनी मांडीवरची शाल उचलली, नीट घडी घातली, पोराच्या बॅगेवर ठेवली आणि काही न बोलता आत निघून गेल्या.

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझा दादा, म्हणजे ह्या पोराचा बाप, १९९६ साली दारूनं गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता. हातभट्टीची प्यायचा. सडका गूळ, नवसागर आणि पत्र्याच्या डब्यात उकळलेलं ते पाणी. आधी कावीळ झाली, मग पोट फुगलं. शहरातल्या दवाखान्यात अठरा दिवस होता. दोन एकर त्याच्या पिण्यात गेली होती, उरलेले वहिनींचे दागिने त्या अठरा दिवसांत गेले. पोरगं आठ वर्षांचं होतं. तेराव्याला वहिनींनी मला विचारलं, "भावजी, तुमी काय करनार?" मी तुळशीच्या माळेला हात लावून शब्द दिला. त्यानंतर आमच्या उंबऱ्याच्या आत दारू आली नव्हती. ती आली तर दादाच्याच पोराच्या हातानं आली.

संध्याकाळी पोरगा म्हणाला, "नाना, शेतावर चला. ती बाटली घेऊन चला. प्यायची नसली तर नका पिऊ, पण तिची गोष्ट ऐका. ही कारखान्याची नाही, शेतकऱ्याची आहे."

कारखान्याची नाही, असं तो मुद्दाम म्हणाला. आमचा तालुका गंगापूर आणि वाळूजची एमआयडीसी ह्याच तालुक्यात. तिथं बीअरचे कारखाने आहेत. तिकडून मोटारसायकलवर जाताना वारा फिरला की आंबलेल्या धान्याचा वास नाकात बसतो. २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडी मृतसाठ्यावर गेली होती, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी जात होतं आणि आम्ही टँकरमागं पळत होतो. तेव्हा इथल्या खंडपीठानं मद्याच्या कारखान्यांचं पाणी साठ टक्क्यांनी कमी करायला लावलं. कोर्टाला सांगावं लागलं की आधी माणसाला पाणी द्या. त्यामुळं दारू म्हणली की मला आधी दादा आठवतो आणि मग रिकामी घागर. बाटली हातात होती तरी मन तिच्यापाशी नव्हतं.

शेतात आगटी पेटवली. गूळभेंडीची कणसं निखाऱ्यात घातली. पोरगा हुरडा चोळायला विसरला नव्हता, ते बघून बरं वाटलं. चार घास खाल्ल्यावर तो बोलायला लागला.

एडिंबऱ्याच्या उत्तरेला, खाडी ओलांडली की फाइफ नावाचा जिल्हा लागतो. सगळा शेतीचा मुलूख. तिथं कूपर गावाजवळ डाफ्टमिल नावाचं शेत आहे. डाफ्ट म्हणजे खुळा. तिथल्या ओढ्याचं पाणी बघणाऱ्याला चढाकडं वाहतंय असं वाटतं, म्हणून तो खुळा ओढा, आणि त्याच्यावरची गिरणी ती डाफ्टमिल, असं लोक सांगतात. फ्रान्सिस आणि इयन कथबर्ट हे दोघे भाऊ ते शेत करतात. सातू पिकवतात, गुरं पाळतात. त्यांचा सातू वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या व्हिस्कीला जायचा. मग त्यांच्या मनात आलं, आपल्या सातूची आपणच का करू नये? जुन्या गिरणीच्या दगडी इमारतीत त्यांनी तांब्याचे दोन हंडे बसवले. २००५ साली परवाना मिळाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी पहिली धार निघाली.

"वर्षभर करत असतील," मी म्हणलं.

"नाही ना. पेरणी आली की बंद, कापणी आली की बंद. हिवाळ्यात शेतात काम नसतं तेव्हा करायची, आणि उन्हाळ्यात मध्ये थोडी उसंत मिळती तेव्हा. शेत आधी, दारू नंतर."

हे मला पटलं. आमच्याकडंही गुऱ्हाळ असंच चालायचं.

व्हिस्की कशी करतात ते त्यानं हुरड्याची कणसं हातात धरून सांगितलं. सातू दोन-तीन दिवस भिजवायचा, मग पसरून मोड येऊ द्यायचे. मोड येताना दाण्यातल्या पिठाची साखर होण्याची तयारी होते. मोड फार वाढायच्या आत गरम हवेनं वाळवायचा. मग भरडायचा, कढत पाण्यात कालवायचा, गोड पाणी गाळून घ्यायचं आणि चोथा गुरांना घालायचा. कथबर्टांच्या गुरांना त्यांच्याच सातूचा चोथा मिळतो. गोड पाण्यात यीस्ट टाकून आंबवायचं, तांब्याच्या हंड्यात दोनदा ऊर्ध्वपातन करायचं आणि ओकच्या लाकडी पिंपात भरून ठेवायचं. एकाच ठिकाणी, फक्त मोड आलेल्या सातूपासून केलेली असली तर तिला सिंगल माल्ट म्हणतात. तीन वर्षं पिंपात राहिल्याशिवाय तिकडच्या कायद्यानं तिला व्हिस्की म्हणताच येत नाही.

मोडाचं ऐकून मी गप्प झालो. आमच्याकडं दाण्याला मोड येणं म्हणजे घर बुडणं. ज्वारी काढणीला आली आणि पाऊस लागून बसला की कणसातच मोड येतात, दाणा काळा पडतो. अशी ज्वारी माणूस खात नाही. ती मातीच्या भावानं जाते आणि पुष्कळदा दारूलाच जाते. एका मोडाचे दोन अर्थ. ज्यानं मोड मुद्दाम आणला त्याची दौलत झाली, ज्याच्यावर तो आला त्याचं नुकसान झालं.

मग तो म्हणाला, "नाना, पिंपात बसती ती सगळी धार नसती. पहिली धार आणि शेवटची धार बाजूला काढतात. मधलीच तेवढी पिंपात जाती."

मी हातातलं कणीस खाली ठेवलं. आमच्या गावात दारू पिणारा छाती पुढं काढून सांगतो, पहिल्या धारेची घेतो! दादाही सांगायचा. भट्टीवाला त्याच्यासाठी पहिल्या धारेची वेगळी काढून ठेवायचा आणि दादाला तो मान वाटायचा. शहाणा माणूस जी धार बाजूला काढतो, ती आम्ही मान म्हणून पाजली.

अंधार पडला होता. पोरानं पिशवीतून चहाचे दोन काचेचे ग्लास काढले. बाटलीचं बूच काढलं, ग्लासात बोटभरसुद्धा नाही एवढी ओतली. "नुसता वास घ्या. शब्द मोडायला मी सांगत नाही."

मी ग्लास नाकाशी नेला. हातभट्टीच्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं, तशी तयारी ठेवली होती. तसं काही झालं नाही. आधी ओल्या कोंड्याचा वास आला, गिरणीत दळण चालू असताना येतो तसा. मग भाजलेल्या सातूच्या पिठाचा. लहानपणी आजी ते पीठ गूळपाण्यात कालवून द्यायची. मग जरा थांबून पिकल्या पेरूसारखा गोड वास. मी पुन्हा नाक नेलं, तर तो पेरू गेला आणि कापलेल्या लाकडाचा वास आला, सुतार रंधा मारतो तेव्हा येतो तो. स्कॉटलंडच्या काही बेटांवरच्या व्हिस्कीला मातीच्या धुराचा वास असतो म्हणे; तिकडं दलदलीतली वाळलेली माती जाळून सातू वाळवतात. हिच्यात धूर नव्हता. धूर होता तो आमच्या आगटीचा.

मी एक घोट घेतला. लपवून काय करू? सत्तावीस वर्षांचा शब्द मी त्या रात्री मोडला. घोट म्हणण्याइतकाही नव्हता, जीभ ओली होईल एवढा. पोरानं सांगितलं होतं, गिळू नका, तोंडात फिरवा. आधी जीभ भाजली, कारण ती ४६ टक्क्यांची. मग भाजणं ओसरलं आणि मागून गोडी आली. ती साखरेची गोडी नव्हती. कोवळा हुरडा चावत राहिलं की शेवटी दुधाळ गोडी येते, तशी धान्याची गोडी. त्यानंतर वेलदोड्यासारखं काहीतरी, आणि घशात बराच वेळ ऊब.

पोरानं चमच्यानं दोन थेंब पाणी टाकलं. "आता बघा." वास बदलला. तापलेल्या मातीवर वळवाचे पहिले थेंब पडले की रान कसं बोलतं, तसं ते धान्य बोललं. आधी जे बंद होतं ते उघडलं. मी तेवढ्या बोटभरात पाऊण तास बसलो. दादा एवढ्या वेळात दोन फुगे रिकामे करायचा. त्याला चव नको होती, त्याला काहीतरी विसरायचं होतं.

"किती वर्षांची?" मी विचारलं.

"बारा वर्षं पिंपात होती. आणि ऐका, त्या भावांनी २००५ ला सुरुवात केली, पण पहिली बाटली विकली ती २०१८ ला. तीन वर्षांनी विकता आली असती. चाखायचे आणि म्हणायचे, अजून नाही."

ते ऐकल्यावर माझ्या तोंडातली चव उतरली. २०१६ च्या पावसाळ्यानंतर तुरी चांगल्या पिकल्या होत्या. सगळ्यांच्याच पिकल्या होत्या. सरकारचा भाव ५०५० रुपये क्विंटल. केंद्रावर रांग, बारदाना नाही. मार्चअखेर सोसायटीचं कर्ज भरायचं होतं, त्याशिवाय नवं मिळत नाही. मी बावीस क्विंटल तूर व्यापाऱ्याला ३८०० रुपयांनी घातली. तूर काही सडणारी नव्हती. मडक्यात राख घालून ठेवली असती तर राहिली असती. थांबता आलं नाही ते मला. आणि तिकडच्या मुलखातले दोघे भाऊ बारा वर्षं पिंपाला कान लावून म्हणतात, अजून नाही!

पोराला माझं मन कळलं. तो म्हणाला, "नाना, ते नुसते वाट बघत नव्हते. बाकीचा सातू विकत होते, गुरं विकत होते. पिंपातल्या दारूवर त्यांची चूल नव्हती, म्हणून थांबता आलं. आणि थांबायचे पैसे पण पडतात. तिकडं थंडी, तरी पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडून जाती. देवदूतांचा वाटा म्हणतात त्याला. आपल्याकडं बेंगळुरूला अमृतवाले सिंगल माल्ट करतात, त्यांनी २००४ साली ती थेट ग्लासगोत नेऊन विकली. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन आहे. गोव्याच्या उष्ण्यानं वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास उडती. बारा वर्षं ठेवली तर निम्म्याच्या वर पिंप रिकामं. म्हणून आपल्याकडची लवकर पिकती आणि लवकर काढावी लागती."

म्हणजे आमच्या उन्हात दारूलासुद्धा फार थांबता येत नाही. मग शेतकऱ्यानं काय थांबावं? पण त्याची पहिली गोष्ट मी मनात ठेवली. ज्याची चूल त्या पिकावर नाही, त्यालाच त्या पिकाची वाट बघता येते. सबुरी हा नुसता स्वभाव नसतो, तिला खालून आधार लागतो.

आगटी विझत आली होती. दोघे भाऊ, एक शेत, हे मघापासून डोक्यात घोळत होतं. आम्हीही दोघे भाऊच होतो. जे कुणाला सांगितलं नव्हतं ते मी पोराला सांगितलं.

"तुझ्या बापाला पहिला घोट मी पाजलेला आहे. १९८४ ची गोष्ट. एकाधिकार खरेदीला कापसाची गाडी घेऊन गेलो होतो. तीन रात्री रांगेत. थंडी मरणाची. मी चपटी आणली. दादा म्हणाला, नको रे, आई रागवंल. मी म्हणलं, घे दादा, थंडीपुरती. मला ती कडू लागली, मी सोडली. त्याला लागली ती लागलीच."

पोरगा निखारे काडीनं ढकलत राहिला. मग म्हणाला, "आईला ठाऊक आहे, नाना. बाबांनीच सांगितलं होतं तिला. मला तिनं मी बारावीत असताना सांगितलं. म्हणाली, नानाला कधी बोलू नको, तो आधीच लई ओझं वाहतो."

सत्तावीस वर्षं त्या बाईनं मला ताटात वाढलं होतं, आणि मला वाटत होतं तिला माहीत नाही. मला बोलता येईना. ग्लासात जेवढी उरली होती ती मी बांधावर ओतली. रागानं नाही. दादाची तेवढी राहिली होती.

घरी आलो तर वहिनी ओट्यावर जाग्याच. कंदिलासारखे डोळे लावून बसलेल्या. मी समोर बसलो. म्हणलं, "वहिनी, मी शब्द मोडला. जीभभर घेतली."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पोराला विचारलं, "तू रोज घेतो का रं तिकडं?"

"नाही आई. महिन्यातून कधी एकदा."

"तुझा बापबी आधी असंच म्हनायचा."

ओट्यावर कुणी काही बोललं नाही. पोरानं मान खाली घातली. शिकलेलं, जग फिरलेलं पोरगं, पण त्या वाक्याला त्याच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. सातू कसा, लाकूड कोणतं, वर्षं किती, हे सगळं खरं होतं आणि वहिनींचं वाक्यही खरं होतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी हात पुढं केला. "आन इकडं." मला वाटलं उकिरड्यावर फोडणार. त्यांनी बूच काढलं, नाकाजवळ नेलं आणि दचकल्या. परत एकदा नेलं.

"ह्याला धान्याचा वास येतो," म्हणाल्या.

"धान्यच आहे ते, आई. बारा वर्षांचं."

त्या उठल्या. बॅगेवरची शाल घेतली, बाटली तिच्यात गुंडाळली आणि आपल्या लोखंडी पेटीत, लग्नातल्या शालूच्या खाली ठेवली. कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली.

"ऱ्हाऊ दे हितं. हा येईल तवा काढू. भावजी, तुमी एकटे मागू नका आन रं पोरा, तू तिकडं पीत असला तर हितली आठवन ठेव."

सकाळी मी विचारलं, "वहिनी, किती उरली ते बघितलं का?"

त्या चुलीपुढून म्हणाल्या, "पेन्सिलीनं खून केली हाय."

यंदा पोरगा हुरड्याला येणार आहे. पेटी परवा त्यांनी उन्हात घातली होती. शालू वाळत होता, शाल अंगावर होती आणि बाटली तुळशीच्या सावलीत उभी होती. मी जवळ जाऊन बघितलं. पेन्सिलीच्या रेघेला दारू अजून टेकलेली होती.